उलव्याला गोल्फ कोर्स नको, बॉल मारायला जागा द्या!

आज जरा चिडून लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

विमानतळ सुरू झाला (उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५, पहिली प्रवासी विमानं २५ डिसेंबरला) आणि तेव्हापासून आमच्या उलव्यातल्या गोल्फ खेळणाऱ्या मंडळींना एक नवीन स्वप्न पडायला लागलंय. अटल सेतू झाला, लोकल उरणपर्यंत गेली, विमानतळ आला, आता काय राहिलं? तर म्हणे गोल्फ कोर्स! अठरा होलचा, 'इंटरनॅशनल स्टँडर्ड'चा, क्लब हाऊस वगैरे सगळं असलेला. व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी दुबईचा फोटो टाकतं, हिरवंगार गवत आणि मागे काचेचे टॉवर. खाली वीस अंगठे. मग कोणीतरी लिहितं, "फ्लॅटचे रेट डबल होतील." चाळीस अंगठे.

आता गंमत अशी की मी स्वतः गोल्फ खेळतो. म्हणजे हा लेख "श्रीमंतांचे चोचले" छापाचा नाही. मला हा खेळ मनापासून आवडतो. शनिवारी पहाटे उठून, सोमवारी ज्या उत्साहाने ऑफिसला जात नाही त्या उत्साहाने, मी खेळायला जातो. आणि म्हणूनच सांगतो: उलव्यात अठरा होलचा गोल्फ कोर्स मागणं हा मूर्खपणा आहे. पर्यावरणवाल्यांसाठी तर आहेच, पण आपल्यासारख्या हौशी, पगारदार, शनिवार-रविवारी खेळणाऱ्या माणसासाठी जास्तच. आपल्याला लागतं एक, आपण मागतोय भलतंच. आणि जे लागतं त्याच्याऐवजी आपण सामानावर आणि सहलींवर पैसे उडवतोय.

एकेक मुद्दा घेऊ.

१. सामान

आपल्या वयाच्या आयटीवाल्या गोल्फरला दुकानात सोडा आणि बघा. ज्या माणसाने घरचा मिक्सर घेताना तीन वेबसाइटवर भाव ताडून बघितला, तोच माणूस ड्रायव्हर घेताना "कार्बन फेस आहे यार" एवढ्यावर कार्ड काढतो. दर वर्षी नवीन मॉडेल. दर वर्षी जाहिरात तीच: दहा यार्ड जास्त!

इंजिनिअर आहात ना? मग साधा गुणाकार करा. दहा यार्ड दर वर्षी, अशी वीस वर्षं, म्हणजे दोनशे यार्ड. २००५ साली जो माणूस दोनशे यार्ड मारत होता तो आज चारशे मारायला हवा. जगातले सगळ्यात लांब मारणारे व्यावसायिक आज सरासरी सव्वातीनशेच्या आसपास मारतात. आपल्या सेक्टरमधले काका मात्र जाहिरातीप्रमाणे चारशे मारणार!

हे होत नाही याचं कारण तांत्रिक आहे आणि ते सगळ्यांना उघड माहीत आहे. खेळाचे नियम करणाऱ्या दोन संस्था आहेत, अमेरिकेतली यूएसजीए आणि सेंट अँड्र्यूजची आर अँड ए. ड्रायव्हरचं डोकं ४६० घन सेंटिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. त्याच्या तोंडाने बॉलला ट्रॅम्पोलिनसारखं किती उडवायचं यावरही मर्यादा आहे. ती मर्यादा कंपन्यांनी केव्हाच गाठली. बॉलचंही तसंच, वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नाही, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, आणि वेगावर आणि अंतरावर वेगळ्या चाचण्या. म्हणजे हार्डवेअरची स्पेसिफिकेशन गोठलेली आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत सुधारलं काय, तर बॉल मध्यावर न लागता कडेला लागला तर होणारं नुकसान थोडं कमी झालं. हे चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. पण ज्याचा बॉल तोंडाच्या कुठल्या भागावर लागेल हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं, त्याने दर वर्षी नवीन तोंड विकत घेऊन काय होणार? कोडमध्ये बग आहे आणि आपण लॅपटॉप बदलतोय.

नियमाप्रमाणे पिशवीत १४ क्लब ठेवता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आली. त्याआधी लोक वीस-पंचवीस क्लब बाळगायचे आणि कॅडी बिचारा वाकून चालायचा. पण त्याही आधी, १९१६ साली, चिक इव्हान्स नावाच्या हौशी खेळाडूने (हो, हौशी! व्यावसायिक नव्हे) यूएस ओपन जिंकली ती फक्त ७ क्लब घेऊन. लाकडी दांड्यांचे सात. आपल्यातला कुठलाही नवशिका आज चौदाच्या चौदा घेऊन निघतो, आणि त्यातल्या पाचांना वर्षभरात मातीसुद्धा लागत नाही.

एवढ्या लांब कशाला जायचं? चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ पासूनचा. त्याच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये राहणारी कॅडीची पोरं गल्लीत गोल्फ खेळतात हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल, परदेशी फोटोग्राफरसुद्धा येऊन गेले. लोखंडी सळई वाकवून केलेला क्लब, प्लास्टिकचा बॉल, आणि होल म्हणजे गल्लीच्या टोकाचा एखादा खड्डा. घरांच्या मधून, पत्र्यांच्या कडेने, सरळ मारावंच लागतं, नाहीतर बॉल कोणाच्या तरी स्वयंपाकघरात. त्या पोरांचा हात बघा आणि आपला बघा. फरक सामानाचा नाही हे सांगायला ट्रॅकमॅन लागत नाही.

२. सहली

दुसरा खर्च म्हणजे गोल्फ ट्रिप. थायलंड म्हणजे आता आपल्याला गोव्यासारखंच झालंय. चार दिवस, चार कोर्स, फोटोंचा पाऊस. मजा येते यात शंका नाही. माझा आक्षेप मजेला नाही, त्या मजेला "गेम सुधारायला चाललोय" म्हणण्याला आहे.

हिशोब बघा. शंभरच्या आसपास खेळणारा माणूस (आणि आपण बहुतेक तिथेच आहोत, उगाच ऐंशी सांगू नका) एका राउंडमध्ये शंभर फटके मारतो. त्यातले छत्तीसेक पट. ड्रायव्हर फार तर चौदा वेळा. एक फटका साधारण दोन सेकंदांचा. म्हणजे चार-साडेचार तासांच्या राउंडमध्ये प्रत्यक्ष क्लब फिरतो तो साडेतीन मिनिटं. बाकी वेळ चालणं, शोधणं, थांबणं, आणि समोरच्या चौघांना मनात शिव्या देणं. शिवाय प्रत्येक फटका वेगळ्या जागेवरून, वेगळ्या क्लबने. चुकला तर पुन्हा मारून बघायची सोय नाही. काही शिकायचं असेल तर फीडबॅक लूप छोटा पाहिजे हे आपल्यालाच दुसऱ्यांना सांगायला आवडतं. मग इथे का विसरतो?

राउंड म्हणजे परीक्षा. चार दिवस ओळीने परीक्षा देऊन कोणाचा अभ्यास झालाय का आजपर्यंत?

३. सराव

आता खरी गोष्ट. हौशी गोल्फरला सगळे जण एकच सल्ला देतात: पटिंगवर लक्ष दे, शॉर्ट गेमवर लक्ष दे, लांब मारणं म्हणजे नुसता शो. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी या प्राध्यापकाने लाखो फटक्यांचा डेटा घेऊन याचा हिशोब मांडला ('एव्हरी शॉट काउंट्स', २०१४). निष्कर्ष असा की चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांमधून येतो. पटिंग आणि शॉर्ट गेम मिळून उरलेला एक तृतीयांश. म्हणजे ड्रॉइंग रूमच्या गालिच्यावर कपात बॉल घालून (आणि बायकोच्या कपाळावर आठ्या आणून) जे साधतं ते थोडं आहे. खरं काम आहे ते पूर्ण स्विंगचं. आणि पूर्ण स्विंगला काय लागतं? शेकडो बॉल, आणि ते मारायला जागा.

ती जागा उलव्यात नाही.

इथून खारघरला सिडकोने बांधलेला खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे, पांडवकड्याच्या पायथ्याला. सुरू झाला तेव्हा ११ होलचा होता, पुढे १८ चा करायचं ठरलं. जागा देखणी आहे, पावसाळ्यानंतर तर बघत राहावी अशी. पण ऑफिसमधून आल्यावर आम्र मार्गावरच्या कंटेनरच्या रांगेतून वाट काढत तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं म्हणजे संध्याकाळ संपली. चेंबूरला सभासदत्वाचा प्रश्न. त्यामुळे आमची मंडळी काय करतात? सोसायटीच्या गच्चीवर जाळी बांधतात. जाळीत बॉल मारायचा म्हणजे प्रिंट स्टेटमेंटशिवाय कोड चालवण्यासारखं आहे. काहीतरी झालं, पण काय झालं? बॉल डावीकडे गेला की उजवीकडे, किती गेला, काही कळत नाही. चूक मात्र दिवसाला शंभर वेळा घोटून पक्की होते. आणि मग सेक्रेटरी येऊन जाळी काढायला लावतो ते वेगळंच.

म्हणजे सामान लाखाचं, सहली लाखाच्या, आणि सराव गच्चीत. या स्टॅकमध्ये बॉटलनेक कुठे आहे हे सांगायला आर्किटेक्ट लागू नये.

४. कोर्सचं गणित

"मग कोर्स झाला की सगळंच होईल ना!" नाही होणार. पुन्हा हिशोब करू.

अठरा होलच्या कोर्सला साधारण ४० ते ६० हेक्टर जागा लागते. मधला आकडा धरू, ५०. चार-चार जणांचे गट दर दहा मिनिटांनी सोडले, सकाळी सहा ते दुपारी दोनपर्यंत (नंतर सोडलेल्यांना अंधार गाठतो), तर आठ तासांत ४८ गट, म्हणजे १९२ माणसं. हा सगळं सुरळीत चाललं तरचा कमाल आकडा. हेक्टरी चार माणसं!

आता ड्रायव्हिंग रेंज घ्या. पावणेतीनशे मीटर लांब, शंभर मीटर रुंद, म्हणजे तीन हेक्टरच्या आतच. तीस बे. एका माणसाला एक तास. सकाळी सहा ते रात्री आठ, चौदा तास. ४२० माणसं. हेक्टरी १४० म्हणा.

चार विरुद्ध एकशेचाळीस. पस्तीस पट! थ्रूपुटमध्ये एवढा फरक दिसला असता तर ऑफिसमध्ये आपण पहिलं डिझाइन चहा संपायच्या आत फेटाळलं असतं.

पाण्याचा हिशोब तर ऐकूच नका. गवताला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरा. एका हेक्टरवर पाच मिलिमीटर म्हणजे ५० हजार लिटर. पन्नासपैकी फक्त वीस हेक्टरला पाणी घातलं तरी रोजचे १० लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर रोज शंभर टँकर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा नियोजनाचा आकडा असतो, त्या हिशोबाने सात हजारांवर माणसांचं पाणी. उलव्यात राहणाऱ्याला हेटवण्याचं पाणी आणि मे महिना हे दोन शब्द एकत्र उच्चारून बघायला सांगा. सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं, हे खरं आहे, आणि वापरायलाच हवं. पण ते पाणी आपोआप येत नाही. त्याला प्रकल्प लागतो, पाइप लागतात, वीज लागते, आणि तो खर्च शेवटी हेक्टरी चार माणसांसाठी असतो.

आणि पावसाळा? आपल्याकडे चार महिने कोकणातला पाऊस आहे, स्कॉटलंडची भुरभुर नाही. त्या चार महिन्यांत कोर्सवर चिखल तुडवायचा. रेंजवर बेला छप्पर घातलं की जुलैतसुद्धा कोरड्या पायांनी उभं राहून मारता येतं.

५. जमीन कोणाची

इथपर्यंत गंमतीत चाललं होतं. आता नाही.

ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, "इतकी मोकळी जमीन पडली आहे." मोकळी? उलव्यात मोकळी जमीन म्हणजे काय हे आपण, दहा-बारा वर्षांपूर्वी ईएमआय काढून इथे आलेले लोक, जरा समजून घेऊ. नवी मुंबईसाठी १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी गेल्या. भातशेती, मिठागरं, खाडीकाठ. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, आणि १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. जासई म्हणजे कुठे लांब नाही हो, आपल्या शेजारीच. साडेबारा टक्क्यांची योजना त्या रक्तातून आली. आज ज्या प्लॉटवर आपली बिल्डिंग उभी आहे त्यातले कितीतरी प्लॉट त्याच योजनेतले आहेत.

विमानतळासाठी दहा गावं उठली. त्यातलं एक गाव उलवे होतं. मूळ उलवे! टेकडी कापली, नदी वळवली. आपण पत्त्यात जे नाव लिहितो त्या नावाचं गाव धावपट्टीसाठी उठलं.

या जमिनी घेताना सांगितलं काय गेलं? सार्वजनिक हित. शहर होईल, रेल्वे येईल, विमानतळ येईल. ठीक आहे, विमानतळाबद्दल तसा युक्तिवाद करता येतो. पण त्याच जमिनीतले पन्नास हेक्टर कुंपण घालून रोजच्या दोनशे माणसांना द्यायचे, आणि वहाळ, गव्हाण, मोरावे इथल्या पोरांनी कुंपणाच्या बाहेरून बघायचं किंवा आत पिशव्या उचलायच्या, हे सार्वजनिक हित कोणाच्या तोंडाने सांगणार? मी तरी नाही सांगू शकत.

आणि हे काही हवेतलं भांडण नाही. खाडीच्या पलीकडे, सीवूड्सला, हे घडून गेलंय. एनआरआय कॉम्प्लेक्सजवळच्या, टी. एस. चाणक्यच्या बाजूच्या पाणथळ भागात गोल्फ कोर्स आणि त्याला जोडून निवासी संकुल करायचं घाटत होतं. (हे 'जोडून' नीट वाचा. बऱ्याचदा गोल्फ कोर्स हा टॉवरच्या जाहिरातीतला हिरवा रंग असतो.) रहिवासी कोर्टात गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या जमिनीच्या वापरातला बदल रद्द केला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका खेळाच्या नावावर वर्षानुवर्षं कोर्टकचेरी, आणि त्या सगळ्यात एकाही हौशी खेळाडूचा स्लाइस सरळ झालेला नाही.

तिथे फ्लेमिंगो येतात. ठाणे खाडीत पाणी भरलं की ते या पाणथळ जागांवर येऊन बसतात. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. बीएनएचएसच्या अभ्यासकांनी विमानतळाच्या संदर्भातच सांगितलंय की या जागा राखा, नाहीतर इथून हुसकलेले पक्षी विमानतळाच्या बाजूला सरकतील. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले, आठवतंय ना? तेव्हा विमान सुखरूप उतरलं. आता विमानं आपल्या गच्चीवरून जातात. त्यामुळे "पक्ष्यांचं काय एवढं" म्हणणाऱ्यांनी निदान स्वतःच्या बोर्डिंग पासचा विचार करावा.

६. नेहमीचे आक्षेप

"गोल्फ महागच असतो. श्रीमंतांचा खेळ आहे, त्यात लाजायचं काय?" महाग कोणी केला? ज्या सेंट अँड्र्यूजचं नाव घेऊन आपण कान पकडतो, तिथला ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे. रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावातले लोक कुत्री घेऊन फेअरवेवर फिरतात. कुंपणाचा गोल्फ ही आपल्याकडे साहेबाच्या जिमखान्यातून आणि छावणीतून आलेली सवय आहे. साहेब गेला, वॉचमन राहिला.

"पण भारतात कोर्सशिवाय खेळाडू कसे तयार होणार?" चांगला प्रश्न. अदिती अशोकचं उदाहरण घ्या, जी टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली आणि आपण सगळे पहाटे उठून बघत होतो. तिची सुरुवात कशी झाली? बेंगळुरूला आईवडिलांबरोबर नाश्त्याला जायची, तिथून कर्नाटक गोल्फ असोसिएशनची ड्रायव्हिंग रेंज दिसायची. पाच-सहा वर्षांच्या पोरीला कुतूहल वाटलं. बस्स. दिसणारी रेंज! अली शेर दिल्लीला कॅडी होता, त्याने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. लखनौचा विजय कुमार, तोही कॅडीच, २००२ मध्ये जिंकला. खेळाडू तयार होतो तो क्लब रोज हातात येतो तेव्हा. कोणाच्या हातात रोज येतो हा प्रश्न आहे. कोर्स पुढची पायरी आहे, आणि त्या पायरीसाठी खारघर आहे.

"फ्लॅटचे रेट?" हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून मला आवडतो. पण मग खेळाचं नाव नका घेऊ. सरळ म्हणा की मला माझ्या टू बीएचकेचे रेट वाढवायचे आहेत आणि त्यासाठी सरकारी जमिनीचे पन्नास हेक्टर पाहिजेत. बघू किती अंगठे येतात.

"रेंज काय, ती तर कोणी खासगीवाला काढेल की." काढू दे ना! पण तीन हेक्टर जमीन उलव्याच्या भावाने घेऊन तो बादलीभर बॉलचे किती पैसे लावेल? पुन्हा तोच क्लब होणार, फक्त छोटा. म्हणून जागा सार्वजनिक हवी.

७. मग मागायचं काय

नुसती टीका करून पळून जाणं मला आवडत नाही, म्हणून ही मागणीची यादी. चुका काढा, बदल सुचवा.

एक, तीन हेक्टरची सार्वजनिक ड्रायव्हिंग रेंज. पाणथळ, खारफुटी, तळं यातली एक इंचही जागा नको. आधीच भराव झालेल्या आणि खेळासाठी किंवा मैदानासाठी राखलेल्या जागेतून बघावी, आणि क्रिकेटचं मैदान हिसकावून तर अजिबात नको.

दोन, तीस बे, वर छप्पर, खाली मॅट. बाजूला छोटं पटिंग ग्रीन आणि चिपिंगची एक जागा. तारकुंपणापलीकडून पोरांना दिसेल अशी, भिंत घालून लपवलेली नको.

तीन, दर बादलीवर. सभासदत्व नाही, ड्रेस कोड नाही, शिफारसपत्र नाही. तीन-चार क्लब तिथेच भाड्याने मिळावेत, म्हणजे "आधी लाखाचा सेट घ्या, मग खेळा" ही अट संपेल.

चार, आठवड्यातल्या ठरावीक वेळा आसपासच्या गावांतल्या आणि पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना फुकट, आणि त्या वेळी प्रशिक्षक हजर. प्रकल्पग्रस्तांची मुलं तिथे पिशव्या उचलायला नाही, मारायला आली पाहिजेत.

पाच, रात्री आठला दिवे बंद. खाडीच्या दिशेला झोत नको. जाळीच्या खांबांची उंची विमानतळाच्या नियमांत बसवून.

यातलं काहीही जगावेगळं नाही. जपानमध्ये जमीन आपल्यापेक्षा महाग, म्हणून तिथे दोन-तीन मजली रेंज आहेत. ऑफिस सुटल्यावर टाय सैल करून लोक बादलीभर बॉल मारून घरी जातात. कोरियाने तर जमिनीचा प्रश्नच सोडवला आणि गल्लोगल्ली स्क्रीन गोल्फ काढलं. आपल्याकडे दिल्लीत डीडीएने कुतुबजवळ कोणालाही पैसे भरून खेळता येईल असा सार्वजनिक कोर्स काढला, तोसुद्धा २००० साली. म्हणजे सरकारी यंत्रणा हे करू शकते. मागणाऱ्याने नीट मागितलं पाहिजे.

आणि मागणारे आपणच आहोत. उलव्यातला गोल्फर म्हणजे तिशीतला, कर्ज असलेला, लोकलने किंवा अटल सेतूवरून रोज मुंबईला जाणारा माणूस. त्याला आठवड्यातून दोन संध्याकाळी पाऊण तास मोकळा मिळतो. त्या पाऊण तासात अठरा होलचा कोर्स त्याला काय देणार? तो फक्त बाल्कनीतून बघायला मिळणार, आणि तेही बाल्कनी त्या बाजूला असेल तर!

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर तो दुबईचा फोटो आला की अंगठा द्यायच्या आधी दोन ओळी टाइप करा: किती हेक्टर, रोज किती माणसं, पाणी कुठून, कुंपणाच्या बाहेर कोण. उत्तर आलं तर मलाही पाठवा. आणि सिडकोकडे अर्ज करायची वेळ आली तर मसुदा मी लिहितो, सह्या गोळा करायला चार जण लागतील. शनिवारी सकाळी नको फक्त, तेव्हा मी खारघरला असतो.

ता. क. : लेख वाचून एका मित्राने लगेच विचारलं, "मग नवीन ड्रायव्हर घेऊ की नको?" घे बाबा. पण आधी जुन्याने हजार बॉल मार. कुठे मारणार, हा प्रश्न पडला की वरची यादी पुन्हा वाच.